केसभर पुढे

फेब्रुवारीत केमीचा समुद्र डांबरी रस्त्यासारखा कडक होतो
आणि मोटरसायकल गॅरेजात जुन्या ब्लँकेटखाली पडून असते.
तिचं उजवं फेअरिंग मी स्वयंपाकघरात आणलं,
गार प्लास्टिक कुणाचं ऐकत नाही म्हणून.
टेबलावर ते पालथं पडलंय, माशाची एक कूस कापून ठेवल्यासारखं.

चार तडे. एक तुटलेला कान.
तीन तडे आधीच्या मालकाचे, त्याच्या करामतीसकट :
केबलच्या पट्ट्यांनी घातलेले टाके, वर छपराचं डांबर.
त्याला नावं ठेवत नाही.
त्यालाही कुठेतरी पोचायचं असणार.

चौथा विल्याचा.
पेट्रोल पंपावर, वेग शून्य,
स्टँड लावायचा राहिला एवढंच.
गाडी कलली, आणि हिने ती धरून ठेवली
जमिनीपासून वीतभर उरेपर्यंत,
पेलत नाही हे कळल्यावरही.
एकोणिसाची होती. कुठे खरचटलं नाही.
किल्ली मात्र तेव्हापासून खुंटीवर.

आतल्या अंगाला बारीक अक्षरांत छापलंय : एबीएस.
शेजारचा ताइस्तो म्हणतो, राळ ओत, फायबर चिकटव.
ओतली होती गेल्या वर्षी.
खपलीसारखी अख्खी निघून हातात आली.
ह्याला ह्याचंच प्लास्टिक लागतं.

ते माळ्यावर होतं, बादलीभर. लेगोचे ठोकळे.
ॲसिटोनमध्ये टाकले की रात्रीत विरघळतात.
आधी तांपेरेला फोन केला.
"कुठले घेऊ?"
पलीकडे बराच वेळ नुसती ट्राम वाजत राहिली.
"पांढरे घे. ते हॉस्पिटलचे."

सात वर्षांची असताना तिने ते बांधलं होतं,
तीन मजली, छपरावर कुत्र्यासाठी जागा.
तिची आई तेव्हा तीन आठवडे खऱ्या हॉस्पिटलात होती.
ती आता वरच्या मजल्यावरून ओरडतेय,
"खिडकी उघडा, वासाने डोकं चढलंय!"
बाहेर उणे बावीस. मी चार बोटं उघडतो.

सकाळी बाटलीत लापशी तयार,
चमच्याला सोडेना इतकी दाट.
तळाशी खिडक्या तेवढ्या शाबूत.
पारदर्शक ठोकळा वेगळ्या मातीचा,
तो विरघळत नाही, नुसता धुरकटतो.

पण खरं काम लापशीच्या आधीचं.
तडा संपतो तिथे बारीक भोक पाडायचं,
म्हणजे तो पुढे पळत नाही.
संपतो कुठे, हा प्रश्न.
डोळा म्हणतो, इथे.
नख म्हणतं, अजून जरासा.
पॅनल किंचित वाकवून दिव्यापुढे धरलं
की एक फिकट रेघ दिसते,
दोघांच्याही केसभर पुढे गेलेली.
कागदाच्या गिरणीत अडतीस वर्षं रोलजवळ उभा राहून
कागद कुठे फाटणार ते मला आधी कळायचं.
इथे तीनदा चुकलो.
तीन वाया गेलेली भोकं तडा मुकाट ओलांडून गेला.

चौथं बसलं.
मग तड्याला चर खणला, लापशी भरली,
वाळली, खचली, पुन्हा भरली.
कानात तापल्या डागणीने तारेची जाळी पुरली.
जरा वाकडा झाला.
माझा डावाही तसाच आहे, आईकडून आलेला,
त्यावाचून चष्मा अडलेला नाही.

मे महिन्यात विल्या येईल.
खुंटीकडे बघेल, न बघेल.
बाहेरून रंग देईन, आतून देणार नाही.

संध्याकाळी हिल्का खाली आली, दोन स्वेटर चढवून.
पॅनल उलटं केलं, दिव्याखाली ओढलं,
भरलेल्या चरावर बोट नेलं.
"ह्यात कुठला वॉर्ड आला?"
मी म्हटलं, ओलं आहे अजून,
हात लावू नकोस.